पहिल्या रांगेतली खिडकी

निनाद ढोक आठवड्यातून चार वेळा विमानात बसायचा आणि उतरलं की चारही वेळा आईला फोन करायचा. दवाखान्यांतली एमआरआय यंत्रं दुरुस्त करायची त्याची नोकरी. आज गुवाहाटीचं यंत्र रुसलं, उद्या कोचीचं. नागपूरच्या त्याच्या घरात बायको केतकी त्याची बॅग कधी पूर्ण रिकामी करतच नसे. आई, हेमलताबाई, अमरावतीला एकटी राहायची. "आज काय झालं विमानात?" हा तिचा पहिला प्रश्न. जेवला का, हा दुसरा.

सांगायला त्याच्याकडे रोज काहीतरी असायचं. सुरक्षा तपासणीत एका काकांची लोणच्याची बरणी अडवली, तर काकांनी तिथंच झाकण उघडलं आणि मागच्या अख्ख्या रांगेला एकेक फोड वाटून बरणी रिकामी केली. वैमानिकानं "फक्त दहा मिनिटं" असं सहा वेळा सांगितलं. शेजारचा माणूस कोलकात्यापर्यंत निनादच्या खांद्यावर झोपला आणि जाग आल्यावर त्यालाच म्हणाला, जरा सरळ बसता येत नाही का? गरम पाणी ओतून आठ मिनिटं थांबायचा तो उपमा, आणि सातव्या मिनिटाला कचऱ्याची पिशवी घेऊन येणारी मुलगी. चाकं जमिनीला लागताच उठून माना वाकड्या करून उभी राहणारी माणसं, जणू दार उघडल्यावर पहिल्याला बक्षीस आहे.

"बाप्पा! आणि मग?" आई विचारायची आणि हसत सुटायची. ती स्वतः कधी विमानात बसली नव्हती. पण ऐकणं हा तिचा धंदाच होता. अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं तरुणपणी ट्रंक कॉल जोडले होते. तिथं लग्नं जुळताना आणि मोडताना, मृत्यूच्या बातम्या, चोरून केलेली बोलणी, सगळं कानावर पडायचं. ऐकलेलं बाहेर काढायचं नाही हा तिथला धर्म. "ड्यूटी संपली का हेडफोनसंगं तेही खुंटीवर टांगून यायचं," असं ती म्हणे. ती सवय म्हातारपणीही सुटली नाही. तिच्या मोबाइलमध्ये एकही नंबर साठवलेला नसायचा, सगळे डोक्यात. कुणाशी बोलणं झालं की त्या फोनची नोंदही ती लगेच पुसून टाकायची.

आणि मग 'निवांत' आलं.

कपाळाभोवती बांधायची एक पट्टी, एवढंच ते दिसायला होतं. निनादच्या धंद्यातलीच गोष्ट असल्यामुळे ती चालते कशी हे त्याला नीट ठाऊक होतं. आपल्याला जे दिसतं, ऐकू येतं, त्याची पहिली कच्ची नोंद मेंदूच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाच्या करंगळीएवढ्या भागात होते. ती पक्की व्हायला काही तास लागतात. पेशींना त्यासाठी नवी प्रथिनं तयार करावी लागतात. पट्टीतून निघणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या भागावर पडायच्या आणि ते काम होऊ द्यायच्या नाहीत. माणूस जागा असायचा, बोलायचा, खायचा, हाताच्या टेकूवरून शेजाऱ्याशी भांडायचासुद्धा. विमान उतरताना पट्टी शेवटचा एक झटका द्यायची आणि कच्ची नोंद पुसली जायची. पाटीवर लिहिलेल्यावरून ओलं फडकं फिरवावं तसं.

मुळात ते भाजलेल्या रुग्णांसाठी शोधलं होतं, रोजच्या मलमपट्टीच्या वेदना त्यांच्या लक्षात राहू नयेत म्हणून. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की विमानप्रवास ही काही फार वेगळी गोष्ट नाही.

निनादनं पहिल्याच महिन्यात पट्टी घेतली आणि विमानतळात शिरतानाच ती बांधू लागला. आत गेलो, की बाहेर आलो! मधले पाच तास जणू कुणी कात्रीनं कापून काढले. पट्टीवाल्यांच्या जगात नव्या गमतीही सुरू झाल्या. एकदा त्याला स्वतःच्या खिशात बोर्डिंग पासवर स्वतःच्याच अक्षरात चिठ्ठी सापडली: 'पुन्हा उपमा घेऊ नकोस. तुझाच, मी.' एकदा गुडघ्यावर काळानिळा डाग, कशाचा ते ठाऊक नाही. एकदा बाहीवर कुणाच्या तरी बाळाच्या बिस्किटानं माखलेल्या बोटांचे ओले ठसे.

तक्रारी थांबल्या. त्या थांबल्यावर विमान कंपन्यांनी काय करावं? खुर्च्या आणखी जवळ आणल्या, फुकटचं पाणी बंद केलं, दोन तासांचा उशीर चारवर नेला. दिलेला त्रास समोरच्याच्या लक्षातच राहणार नसेल तर देणाऱ्यानं हात आखडता का घ्यावा? विमानतळांवर हजारो माणसं मान खाली घालून, कुरकुर करत उभी असायची आणि संध्याकाळी घरी जाऊन म्हणायची, प्रवास छान झाला.

आईचा फोन मात्र आटत गेला.

"आज काय झालं विमानात?"

"काही नाही गं. बसलो, उतरलो."

"कोणी भेटलं-बिटलं?"

"भेटलंही असेल. आठवत नाही."

"आम्ही सुटी झाल्यावर विसरायचो बेटा," आई एकदा म्हणाली, "तू तं ड्यूटीवरच विसरून राहिला."

तो हसला. काही महिन्यांनी तिनं पहिला प्रश्न विचारणं सोडून दिलं. जेवला का, तेवढा उरला. त्याला दोन शब्दांत उत्तर देता येतं.

पट्टी घेतल्याच्या चौथ्या वर्षी आईच्या हृदयाची झडप निकामी होत आल्याचं निघालं. चेन्नईच्या एका शल्यविशारदानं ऑपरेशन करायचं कबूल केलं. निनादनं ठरवलं, आईचा पहिला विमानप्रवास आहे, तो आपण तिच्याबरोबर जागेपणी करायचा. पट्टी नाही म्हणजे नाही. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांतून विमान कंपनीकडे साठलेले सगळे पॉइंट खर्चून त्यानं पहिल्या रांगेतल्या दोन जागा घेतल्या. पाय पसरायला जागा, आणि आईला खिडकी.

नागपूर विमानतळावर आई लहान पोरीसारखी सगळं बघत होती. तपासणीच्या ट्रेमध्ये तिनं चपला अशा जोडीनं मांडल्या, जशा देवळाबाहेर ठेवतात. "मिळतील ना रे परत?" तिनं तपासणाऱ्या बाईलाच विचारलं, आणि ती बाईही हसली.

दारापाशी गणवेशातली मुलगी नेहमीप्रमाणे पुढे झाली. "पट्टी, सर?"

"आज नको," निनाद म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

आई खिडकीपाशी बसली. पट्टा आवळून घेतला, हातरुमाल मांडीवर घडी करून ठेवला. "फोन बंद कराव लागते ना इथं?"

"हो."

"बरं झालं. आता दोन तास तू कुठी पळत नाही." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो गार होता. "निनाद, मला तुला एक सांगायचं आहे. लई वर्षं झाली, मी कोणापाशी बोलली नाही. तुझ्या बाबांपाशीही नाही."

"सांग ना, आई," तो म्हणाला.

आणि मग तो चेन्नईला सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होता.

आईचा हात त्याच्या हातात होता. त्याच्या दुसऱ्या मुठीत तिचा हातरुमाल होता, चिंब ओला. बॅगा समोरून फिरत होत्या. मधलं काही नव्हतं. हे रिकामपण त्याच्या इतकं ओळखीचं होतं की काय झालंय ते त्याला तत्काळ कळलं, फक्त कसं झालं ते कळेना. खिशातला फोन सुरू केला तर विमान कंपनीचा निरोप हजर: 'प्रिय गोल्ड सदस्य, पहिल्या चार रांगांतल्या आसनांमध्ये आता निवांत सुविधा अंगभूतच आहे. आपल्या कायमच्या पसंतीनुसार ती आपल्यासाठी सुरू करण्यात आली होती. आता पट्टी बाळगण्याची कटकट नाही!'

कायमची पसंती. पट्टी घेताना भरलेल्या अर्जात 'दर वेळी विचारावे' आणि 'नेहमी' यांतल्या 'नेहमी'वर त्यानं खूण केली होती. दर वेळी विचारलेलं त्याला आवडत नसे.

आईनं कुठलाही अर्ज भरलेला नव्हता. तिला सगळं आठवत होतं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा इतका मोकळा त्यानं कधी पाहिला नव्हता.

"हलकं वाटून राहिलं रे," ती म्हणाली. "तू हो म्हणशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, रागावशील."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आई, मला काहीच आठवत नाही, पुन्हा सांग, एवढी दोन वाक्यं. पण जन्मभराचं ओझं आत्ताच खाली ठेवलेल्या बाईला ते पुन्हा उचल म्हणून कसं सांगायचं? सकाळी ऑपरेशन. तिला कसलाही ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली. आईचा पहिला प्रवास, आणि हा शेजारी बसूनही तिथं नव्हता. ऑपरेशन झालं की सांगू, त्यानं ठरवलं. खो खो हसेल ती.

"विसरणार नाही ना?" आईनं विचारलं.

"नाही, आई."

संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत आईनं मोबाइल घेतला, एक नंबर डोळे मिटून आठवला आणि लावला. "बोलली मी त्याच्याशी," ती हळू आवाजात म्हणाली. "हो म्हणाला. येईल तो, शब्द दिला त्यानं. रडू नको आता." फोन ठेवला आणि सवयीनं नोंद पुसली.

"कोण गं?" निनादच्या तोंडून गेलंच.

आईनं चमकून पाहिलं. "काहून? सांगितलं ना तुला."

"हां, हां," तो म्हणाला. "माझ्या लक्षात नाही आलं."

त्याला वाटलं, उद्या. फार तर परवा.

झडप नीट बसली. पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रक्ताची एक गुठळी मेंदूत गेली. आईची वाचा गेली आणि उजवा हात गेला. निनादला रोज त्या यंत्रांची छायाचित्रं वाचायची सवय होती. डाव्या बाजूचा तो पांढरा डाग डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्याला दिसला. शब्द बनवणारी जागाच गेली होती.

कागदपत्रं आणायला तो एक दिवस नागपूरला जाऊन आला, पट्टीशिवाय, मागच्या रांगेत बसून. परत आला तर आई जागी होती. त्याला बघताच तिनं डावा हात उचलला, बोटं हलवली, दाराकडे नेली, पुन्हा त्याच्याकडे आणली. डोळ्यांत नुसता प्रश्न होता. गेला होतास का? झालं का?

निनादनं तो हात धरला. खरं सांगितलं असतं तरी तिला उत्तर देता येणार नव्हतं. मग खरं कुणासाठी सांगायचं?

"हो, आई," तो म्हणाला. "जाऊन आलो. तू सांगितलंस तसं सगळं केलं."

आईनं डोळे मिटले. ओठांची एक बाजू हलली. बहुधा ती हसली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आईला तू शांतपणे जाऊ दिलंस, असं सगळे नातेवाईक म्हणाले, आणि ते ऐकताना निनादला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

नंतर त्यानं शोधायचं बाकी ठेवलं नाही. 'निवांत'वाल्यांचं पत्र आलं, अतिशय नम्र: आठवण हरवलेली नाही, ती पक्की झालीच नाही, त्यामुळे ती परत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्या दिवशी पुढच्या चार रांगांत आणखी अकरा प्रवासी होते, सगळे गोल्ड सदस्य. त्यांतले तिघे त्यानं गाठले. तिघांनीही सांगितलं, प्रवास छान झाला.

एक हवाई सुंदरी सापडली. तिला पट्टी नसते, तिला काम करायचं असतं. निनादला तिनं लगेच ओळखलं. "तुमच्या आई सबंध वेळ बोलत होत्या," ती इंग्रजीत म्हणाली. "आधी तुम्ही हात सोडवून घेतलात आणि बराच वेळ समोर बघत बसलात. मग तुम्ही दोघंही रडलात. शेवटी तुम्ही त्यांचा हात कपाळाला लावून काहीतरी म्हणालात, तेच तेच, तीन-चारदा. मी पाणी घेऊन आले होते, ते तुम्ही घेतलंसुद्धा नाही."

"काय म्हणालो मी?"

"सॉरी सर, मी केरळची," ती म्हणाली. "मला मराठी येत नाही."

केतकी समजावायची, "साधंच काहीतरी असेल रे. घर विकू नको, अमक्याशी जुनं भांडण मिटव, असं."

"साध्या गोष्टीसाठी मी हात सोडवून घेतला असता?"

हळूहळू तिनं समजावणं सोडलं. त्याला सगळ्यात जास्त छळायचं ते वेगळंच. उपमा घेऊ नकोस, हे त्यानं लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी खिशात पेन होतं, पास होता. पण आईचं बोलणं कुणी लिहून ठेवतं का? विमानातल्या त्या निनादला खात्रीच असणार की हे आपण जन्मात विसरणार नाही.

आईच्या मोबाइलमध्ये एक नाव नव्हतं, एक नोंद नव्हती. तो कोरा फोन बघवेना, म्हणून त्यानं बंद करून कपाटात टाकला.

सात महिन्यांनी निनादच्या फोनवर मोबाइल कंपनीचा निरोप आला: आपल्या नावावरचा दुसरा क्रमांक वापरात नसल्याने दुसऱ्या ग्राहकाला देण्यात येईल. जिनं जन्मभर दुसऱ्यांचे नंबर सांभाळले तिचा नंबर असा जावा, हे त्याला सहन होईना. निघता निघता त्यानं तो फोन बॅगेत टाकला आणि नागपूर विमानतळावर चार्जिंगला लावला. बंगळूरुचं विमान तीन तास उशिरा होतं. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. पट्टी लावलेली माणसं जमिनीवर बसून एकमेकांवर खेकसत होती, एक म्हातारे गृहस्थ पाण्यासाठी रांगेत भांडत होते. निनाद एका खांबाला टेकून सगळं बघत होता. आता तो सगळं बघायचा.

फोन सुरू झाला आणि थरथरू लागला. चुकलेल्या फोनच्या सूचना. एक, दोन, दहा. सदतीस, आणि सगळ्या एकाच नंबरवरून.

त्यानं नंबर लावला. पहिल्याच घंटीला कुणी तरी उचलला.

"हेमाताई! अहो, कुठी होता तुम्ही?" एका बाईचा आवाज.

"मी त्यांचा मुलगा बोलतोय. आई सात महिन्यांपूर्वी गेली."

बाई म्हणाल्या, "आम्हाला कोणी कळवलंच नाही, दादा. मी परतवाड्याच्या वृद्धाश्रमातून बोलते. शालूताईंचं तं तुम्हाला माहीतच असन."

"कोण शालूताई?"

"असं काय करता? अकरा वर्षं झाली, हेमाताईनंच त्यांना इथं आणलं. दर महिन्याला भेटायला यायच्या. ऑपरेशनच्या आदल्या सांजेला त्यांचा फोन आला होता, मीच जोडून दिला. तवापासून शालूताई रोज दुपारी गेटपाशी खुर्ची टाकून बसायच्या. म्हणायच्या, निनाद येणार आहे, त्यानं विमानात शब्द दिला. पावसातही उठायच्या नाहीत."

निनादनं बॅग खांद्यावर घेतली. "त्यांना फोन द्या. मी आत्ता निघतो. चार तासांत पोचतो."

"दादा," बाई म्हणाल्या, "त्या गेल्या ना. मागच्या सोमवारी."

कुणाचं तरी मूल जवळच मोठ्यानं रडत होतं. निनादला बाईंचं पुढचं बोलणं तुटक ऐकू आलं. अग्नी आश्रमानंच दिला. एक पेटी आहे, तिच्यात लहान मुलाचं एक झबलं आहे, बाकी काही नाही. आणि रजिस्टर तेवढं पूर्ण करायचं आहे.

"नातेवाइकाच्या जागी हेमाताईचं नाव आहे, पण नातं लिहिलं नाही. मी तवा विचारलं तं म्हणाल्या, आता नको, माझा मुलगा येऊन लिहील. तो रकाना अकरा वर्षं तसाच आहे. सांगा दादा, काय लिहू? शालूताई तुमच्या कोण?"

हो म्हणायची, हां हां म्हणायची, वेळ मारून न्यायची सवय त्याच्या जिभेवर आलीच होती. मावशी म्हणता आलं असतं. मावशी कुणालाही म्हणता येतं.

"मला माहीत नाही," निनाद म्हणाला.

"माहीत नाही?" बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. "मग शब्द काहून दिला होता, दादा?"

डोक्यावरच्या कर्ण्यातून घोषणा झाली, बंगळूरुच्या विमानाला आणखी दोन तास उशीर होईल. हॉलभर एकच गलका उठला. आणि मग सगळे जिथल्या तिथं पुन्हा बसले, कारण रात्री घरी पोचल्यावर यातलं कुणालाच काही आठवणार नव्हतं.